टेकडीच्या उतारावर पुढचं चाक सटकतंय, फोर्क बदलू का?

मुरूमवीर:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सेकंडहँड एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) घेतली, साडेसत्तावीस इंची चाकं, 2.1 इंच रुंद टायर, पुढे 100 मिलिमीटर दबणारा साधा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉकवाला चिमटा), ब्रेक डिस्क पण केबलवाले. माझं वजन 82. सकाळी पुण्यात पौड रोडच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढवतो, चढताना दम लागतो पण तक्रार नाही, वांधा होतो उतरताना. जिथे मुरूम सुटा झालाय आणि मध्येमध्ये खडक वर आलाय तिथे वळण आलं की पुढचं चाक सरळ साबणावर पाय पडल्यासारखं जातं. दोनदा आपटलो, दुसऱ्यांदा कोपर चांगलंच सोललं आणि वर एक आजोबा वॉक थांबवून म्हणाले, बाळा ही काय सायकल चालवायची जागा आहे का. खाली येईपर्यंत तळहात पण बधिर होतात. दुकानवाला म्हणतो स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क टाका, बसवून 18 हजार. अहो सायकलच 22 ला घेतलीये. काय करू?

कातळकडा:
थांब थांब, 18 हजार खिशातच राहूदे. हवा किती भरतोस ते सांग आधी. माझा अंदाज, दुकानातून भरून घेतोस आणि तो पोरगा टायरवर लिहिलंय तेवढी ठासून भरतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा असतो ना, तो जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, तेवढी भराच असं कोणी म्हटलेलं नाही. 50-60 पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायरचा धोंडा होतो, खड्यांवर बसायच्या ऐवजी खड्यांवरून उड्या मारतो, जमिनीला टेकतोच इतकासा, मग वळणावर सटकेल नाहीतर काय. तुझ्या वजनाला, ट्यूब आहे हे धरून, पुढे 30 मागे 33 ने सुरुवात कर आणि त्याच एका उतारावर दोन-दोनने कमी करत तीनचार फेऱ्या मार. रिम दगडावर ठक्क लागली की समजायचं फार उतरवली, दोन वाढव. नाहीतर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेंगरते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात साप चावल्यासारखी, मग बस पॅच लावत. पायपंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, माझा तर 8 पीएसआय जास्त दाखवायचा, छोटा डिजिटल गेज घेऊन टाक.

एवढं करूनही सटकलं तर फक्त पुढचा टायर बदल. 2.25 किंवा 2.35, कडेची बटणं, म्हणजे रबराचे उंचवटे, मोठी असलेला. घ्यायच्या आधी फोर्कच्या दोन पायांत जागा मोजून बघ, पावसाळ्यात चिखल बसायला पण जागा लागते. मागे जुनाच राहूदे. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की आपण गेलो.

घाटकरीण:
हवेबद्दल बरोबरच आहे पण हातांचं कोणी बोललंच नाही. मुरूमवीर, तुमच्या सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, सीट सपाट पाहिजे, नाहीतर अख्खं धड हातांवर येतं. मग ब्रेकचे लिव्हर. बऱ्याच सायकलींना ते आडवे, जवळजवळ जमिनीला समांतर बसवलेले असतात, मनगट वर मुडपून धरावं लागतं, अर्ध्या तासात मुंग्या. एक बोल्ट सैल करून लिव्हर खाली फिरवा, हात सरळ ठेवून बोटं लिव्हरवर गेली की मनगटात घडी पडता कामा नये. एवढं कराच, पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

दुसरं म्हणजे उतरताना तुम्ही पार मागे सरकत असणार, खरं ना? मला पण सुरुवातीला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, मागे जा मागे जा. एकदम खडा उतार किंवा मोठी पायरी असेल तर ठीक, पण टेकडीवरच्या साध्या उतारावर सतत मागे बसलं की पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि वजन नाही तर पकड कुठून येणार? सीट पाचसहा सेंटिमीटर खाली घ्या, उभे रहा, दोन्ही पेडल एका पातळीत, टाच जरा खाली, कोपरं बाहेर, हनुवटी हँडलच्या वर आसपास. ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबलात की मुरूम माफ करत नाही. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नाही, पुढच्या वळणाकडे. दगडाकडे बघितलं की सायकल त्याच दगडावर जाते, कशी ते देवाला ठाऊक.

बाभूळबन:
ट्यूबलेस कर रे, म्हणजे ट्यूबच काढून टाक, सगळे प्रश्न मिटतील, 24 पीएसआयवर चालव बिनधास्त. टेकडीवर बाभळीचे काटे आहेत, ट्यूब किती दिवस टिकणार. मी दोन वर्षं पंक्चर काढलेलं नाही.

कातळकडा:
बाभूळबन, त्याची 22 हजारातली सायकल आहे, ती पण जुनी, रिम ट्यूबलेसची असेल असं वाटत नाही. टेप लावून जुगाड होतो पण टायर वळणावर रिमवरून सुटला तर आजोबा परत येतील बघायला. शिवाय भोकं बुजवायला टायरमध्ये ओततात ते सिलंट आपल्याकडच्या उन्हात दोनतीन महिन्यांत सुकतं, परत ओता. व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतली पिन, निघत असेल तर ट्यूबमध्येच थोडं सिलंट घाल, काट्यांपुरतं भागतं. आणि एक राहिलं, मुरूमवीर, तुझ्या फोर्कला लॉकआउट, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करायचा नॉब, आहे का? उतरताना उघडतोस ना?

मुरूमवीर:
लोकहो, जरा हसू नका. गेज आणला, पुढे 57 मागे 61 निघाली. आणि लॉकआउट... हो, चढताना बंद करतो आणि वर पोचलो की फोटो काढण्याच्या नादात उघडायचं विसरतो, म्हणजे इतके महिने मी बिनशॉकचाच उतरत होतो. मग फोर्कच्या पायाला झिप टाय बांधला, उघडा ठेवून सायकलवर उभा राहिलो, हळूच उतरलो, झिप टाय 23 मिलिमीटर सरकला होता, म्हणजे माझ्या वजनाने फोर्क तेवढा दबला. हे ठीक आहे का?

कातळकडा:
100 ला 20-25 म्हणजे झकास, स्प्रिंगला हात लावू नकोस. लॉकआउटच्या नॉबला लाल दोरा बांध म्हणजे वर पोचल्यावर दिसेल. दुकानवाल्याने लॉकआउट उघडून बघितला नाही का? जाऊदे, नकोच बोलायला.

मुरूमवीर:
रविवारी जाऊन आलो. हवा पुढे 28 मागे 32, सीट खाली, लिव्हर फिरवले, पायथ्याशीच दोरा बांधून घेतला. नेहमीच्या त्या वळणावर चाक थोडं हललं पण गेलं नाही, मी पाय न टेकता खाली आलो. हातांना मुंग्या आल्या पण उशिरा. खाणीच्या बाजूचा जो खडा तुकडा आहे तिथे अजून उतरूनच जातो, तिथली भीती जात नाही. नवीन प्रकार म्हणजे मागचा ब्रेक आता बकरीसारखा ओरडतो, अख्खी टेकडी वळून बघते.

घाटकरीण:
चेनवर स्प्रे मारलात का सायकल उभी असताना? उडून डिस्कवर गेला असणार. डिस्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून बारीक पॉलिशपेपरवर घासा. तेल आत मुरलं असेल तर पॅड नवीनच घ्यावे लागतील. आणि बसवल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन पंधरावीस वेळा ब्रेक दाबा, पूर्ण थांबू नका. पुढच्या वेळी स्प्रे नको, थेंब थेंब सोडायची बाटली घ्या.

मुरूमवीर:
हो, शनिवारी पार्किंगमध्येच मारला होता. पॅड घासून सांगतो.