मदत हवी आहे: गिळण्याच्या त्रासावर संशोधन व्हावं, पण आधी कुठल्या प्रश्नावर?

मंडळी, मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोक, पार्किन्सन किंवा तोंडाच्या कॅन्सरनंतर गिळायला त्रास होणारे पेशंट बघते. या विषयात पुढे कशावर संशोधन व्हावं, याची यादी आमचा एक छोटा गट करतोय.

ब्रिटनमधली जेम्स लिंड अलायन्स 2004 पासून हेच काम करते. पेशंट, घरचे आणि उपचार करणारे अशा सगळ्यांकडून प्रश्न मागवायचे, उत्तर आधीच मिळालेले गाळायचे, उरलेल्यांतून एकत्र बसून पहिले दहा ठरवायचे. पद्धत पटली, पण घोडं अडलंय मतांवर.

आम्हा थेरपिस्टांचे प्रश्न तपासण्यांचे: एंडोस्कोपी कधी, बेरियमचा व्हिडिओ (बेरियम मिसळलेला घास गिळतानाचा एक्स-रे) कधी, ठसका न लागता श्वासनलिकेत जाणारं पाणी खाटेपाशीच कसं ओळखायचं. पातळ पेय श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया होऊ नये म्हणून आम्ही ते पावडर घालून दाट करायला सांगतो. त्यावर घरचे विचारतात, "चहा घट्ट केला की बाबा दोन घोटांत कप बाजूला सारतात, मग पाणी पोटात जाणार कसं?" एका सूनबाईंनी विचारलं, महागडी पावडर कशाला, नाचणीचं आंबील का नको? गटातले काही म्हणाले, हा काय संशोधनाचा प्रश्न आहे! मला तर हाच सगळ्यात कसदार वाटला. आंबील गार होताना दाटतं, लाळ मिसळली की पातळ होतं. 10 मिलीच्या सिरिंजमधून 10 सेकंदांत किती ओघळलं यावरून पेयाचा दाटपणा ठरवतात. तो घरोघरच्या आंबिलात टिकतो का, हे तपासायलाच हवं. शिवाय पेय दाट केलं की न्युमोनिया टळतो, हेही वाटतं तितकं पक्कं नाही. अमेरिकेत पार्किन्सन आणि डिमेन्शियाच्या 515 पेशंटवर झालेल्या, 2008 साली छापलेल्या अभ्यासात हनुवटी खाली घेऊन साधं पाणी पिणारे आणि दाट पेय पिणारे यांच्यात तीन महिन्यांत ठोस फरक दिसला नव्हता.

तर, असं काम कुणी केलंय का? घरच्यांची आणि आमची मतं वेगवेगळी मोजावीत का? एकत्र मोजली तर संख्येच्या जोरावर आमचीच यादी वर येईल. स्ट्रोकमुळे वाचा गेलेल्यांचं मत चित्रं दाखवून घेता येतं का, आणि शेजारी बसलेला मुलगाच उत्तर देऊन टाकतो त्याचं काय करायचं? रात्रंदिवस सेवेत अडकलेल्यांना बैठकीला बोलावणं जिवावर येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात प्रश्न पाठवा म्हटलं तर चालेल?

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तयार आहे. घरात असा पेशंट असलेल्या कुणी वाचून दिला तर फार बरं होईल, व्यनि करा.