पुणे की बंगळूर: हातात नेमके काय उरते?

पुण्यात वर्षाला १८ लाखांची नोकरी घ्यावी की बंगळूरला २२ लाखांची, या प्रश्नावर हवामानाचीच चर्चा जास्त होते. आधी हिशेब करा. दोन्ही आकडे भविष्यनिधी वगळून असतील, तर नव्या करप्रणालीत (२०२५-२६) वाढीव ४ लाखांवर सुमारे ९० हजार कर जातो. हातात महिन्याला २५-२६ हजारच जास्त येतात.

खरा फटका अनामत रकमेचा. पुण्यात सहसा दोन-तीन महिन्यांचे भाडे, बंगळूरला पाच-सहा, काही ठिकाणी दहासुद्धा. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापण्याची प्रथा आहे, तेव्हा ती रक्कम करारातच लिहून घ्या.

गाडी नेणार असाल तर १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यावर पुनर्नोंदणी लागते. आधी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र, मग कर्नाटकातला रस्ताकर, आणि त्याची पावती दाखवून महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा. परताव्याला वेळ लागतो, म्हणून तेवढे पैसे बाजूला ठेवा. कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच मालिकेचा (राज्य बदलले तरी पुनर्नोंदणी लागत नाही असा) गाडी क्रमांक मिळू शकतो.

ऑफिस बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात असेल तर घर जांभळ्या मेट्रो मार्गालगतच बघा. माझ्या मते तसे घर परवडत नसेल तर पुणेच घ्यावे.