इतिहासाच्या बाहेर पडायचंय, पुस्तकं सुचवा (रहस्य, भय, विज्ञान, प्रवास, काहीही चालेल)

नेरुळचा_मावळा:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी आयुष्यात एकाच प्रकारची पुस्तकं वाचलीत. आठवीत आजोबांच्या कपाटात 'स्वामी' सापडलं, मग 'श्रीमान योगी', मग 'शहेनशहा', मग 'पानिपत', आणि 'पानिपत' तर तीनदा. तिसऱ्यांदा वाचतानासुद्धा आतून वाटत होतं की यावेळी तरी भाऊ जिंकतील. त्यानंतर नोकरी लागली, मोबाईल आला आणि दहा वर्षं काहीच नाही.

आता रोज नेरुळ ते ठाणे ट्रान्स हार्बर लोकलने जातो. सकाळी उलट्या बाजूला म्हणून बसायला मिळतं, अर्धा पाऊण तास हातात असतो, तो सगळा रील्समध्ये जातो आणि ठाण्याला उतरल्यावर काय बघितलं ते एक आठवत नाही. मागे एका प्रदर्शनात किलोवर पुस्तकं होती तिथून साडेतीन किलो उचलून आणली, 'प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत' टाइप यादी बघून. एकाचंही चाळिसावं पान ओलांडलेलं नाही. बायको म्हणते रद्दीवाला तेवढेच किलो परत घेईल.

प्रत्येक प्रकारातलं एकेक सांगा. जड नको, वजनानेही नको आणि डोक्यालाही नको. मराठीच हवं.

चष्मिष_नौपाडा:
यादी मागू नका हो, याद्यांनीच तुमचं वाटोळं केलंय. आधी हे सांगा, सिनेमे कुठले बघता आणि रविवारी काय करता?

नेरुळचा_मावळा:
सिनेमे म्हणाल तर 'तुंबाड' चार वेळा बघितलाय. बाकी खुनाच्या सिरीज, पोलीस काय शोधतात ते बघायला आवडतं. रविवारी कधी ट्रेक, नाहीतर थंडीत खाडीवर फ्लेमिंगो बघायला लेकीला घेऊन जातो. याचा पुस्तकांशी काय संबंध पण?

वडापाव_विथ_चहा:
तुंबाड आवडला? मग 'तुंबाडचे खोत' घ्या डोळे झाकून

कोपरीची_काकू:
अहो वडापाव, कशाला पोराची थट्टा करता! मावळ्या, तसं करू नकोस बाबा. 'तुंबाडचे खोत' श्री. ना. पेंडशांची आहे, दोन जाडजूड खंड, जगबुडीच्या काठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. पुस्तक अप्रतिम आहे पण त्यात सिनेमातला हस्तर राक्षस नाही, तू दोन्ही खंड त्याची वाट बघत बसशील. माझ्या भाच्याने हेच केलं होतं आणि मग माझ्याशी भांडला.

तुला हवेत ते नारायण धारप. त्या सिनेमातली ती म्हातारी धारपांच्या 'आजी' या कथेवरून आलीय. धारपांची 'लुचाई' घे. आता कोणीतरी येऊन सांगेलच की ती स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलीय, हो बेतलीय, पण गाव मराठी आहे आणि भीती पण मराठी आहे. वाडा, परसदार, तिन्हीसांजा. आम्ही शाळेत असताना लायब्ररीतून आणायचो आणि रात्री पाणी प्यायला उठायची पंचाईत.

रबाळे_नाका:
लुचाई +१. पण कादंबरीच्या आधी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचा, 'खेकडा' वगैरे. एक कथा म्हणजे एक लोकल. मतकरींकडे भूत असतंच असं नाही, माणूसच असा वागतो की त्यापेक्षा भूत परवडलं. आणि आत्ताच्या लेखकांमधलं हवं असेल तर हृषीकेश गुप्तेंचं 'हाकामारी', एकदम पातळ आहे. 'दंशकाल' नंतर घ्या, ते मोठं आहे आणि त्याला सलग वेळ द्यावा लागतो.

पुलाखालचा_वाचक:
चष्मिष यांनी बरोबर प्रश्न विचारलाय आणि धागाकर्त्याला त्यातली मेख कळली नाही असं दिसतंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्या प्रकारात उडी मारायची नसते, चालत जायचं असतं. तुम्ही पानिपतवर उभे आहात ना, मग तिथूनच पुढे पाऊल टाका. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचं पानिपत' नावाची कथा आहे. इतिहासाचे एक प्राध्यापक, त्यांना अपघात होतो आणि ते अशा हिंदुस्थानात जाऊन पडतात जिथे पानिपतात मराठे जिंकलेत. म्हणजे तुम्ही तिसऱ्या वाचनात जे मनात धरून बसला होतात तेच! मग हे गंगाधरपंत मुंबईला जातात आणि लायब्ररीत बसून शोधतात की नेमकं कुठल्या क्षणी इतिहास वेगळ्या रुळावर गेला. पुढचं सांगत नाही. ही कथा तुम्ही इतिहास म्हणून वाचायला घ्याल आणि संपेपर्यंत विज्ञानकथा वाचून झालेली असेल. 'यक्षांची देणगी' या संग्रहात आहे, त्याच पुस्तकात 'उजव्या सोंडेचा गणपती' पण आहे, ती वाचून लेकीला सांगा, ती आरशासमोरून हलायची नाही.

जाता जाता, नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती, जविना चं नाविज. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावावर बक्षीस नको होतं. मिळालं बक्षीस, पहिलंच.

तिखट_शेव:
नारळीकरांबद्दल आदर आहेच पण खरं बोलू का, त्यांची माणसं मला पुठ्ठ्याची वाटतात. कल्पना जबरदस्त, पण माणूस बोलायला लागला की फळ्यासमोर उभा आहे असं वाटतं. विज्ञानकथेत माणसं हवी असतील तर लक्ष्मण लोंढे वाचा, सुबोध जावडेकर वाचा.

पुलाखालचा_वाचक:
पुठ्ठ्याची आहेत, मान्य. पण पहिल्या पुस्तकाला कल्पनाच ओढून नेते. लोंढे पुढच्या महिन्यात.

सानपाडा_सिक्रेट_एजंट:
खुनाच्या सिरीज म्हणालात म्हणून धावत आलो.
बाबूराव अर्नाळकरांपासून सुरू करा असं कोणीतरी म्हणणारच, हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, झुंजार आणि काळापहाड. माझे वडील त्यांच्यावर वाढले. पण आज वाचायला गेलात तर खरं सांगतो, आठवण म्हणून गोड लागतात, रहस्य म्हणून नाही. सुहास शिरवळकर मात्र अजून पळतात. लोकांना 'दुनियादारी' तेवढं माहितीय सिनेमामुळे, पण आमचे शिरवळकर म्हणजे वकील अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी. कॉलेजात एकाच्या हातात पुस्तक आलं की वर्गात नंबर लागायचे.

तरीपण तुमच्यासाठी माझं मत फेलुदा. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह, मराठीत अशोक जैन यांनी आणलाय, भाषा इतकी सरळ की अनुवाद आहे हे विसरायला होतं. पातळ पातळ पुस्तकं आहेत, नेरुळ ठाणे दोन दिवसात एक संपतं. एक संपलं की माणसाला वाटतं आपण अजून वाचू शकतो, आणि दहा वर्षांनी परत सुरू करणाऱ्याला तेच वाटायला हवं असतं, बाकी साहित्यिक मूल्य वगैरे नंतर बघू.

वडापाव_विथ_चहा:
फेलुदाला अनुमोदन. आणि वर जी काडी टाकली त्याबद्दल काकूंची माफी

खाडीकाठची:
मी ऐरोलीची. फ्लेमिंगोवाल्यांसाठी मारुती चितमपल्ली! 'रातवा' घ्या. फ्लेमिंगोला आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात, हे मला खाडीवर बोटीत बसून नाही कळलं, पुस्तकांनी सांगितलं. चितमपल्ली वनखात्यात होते, आयुष्य जंगलात गेलं, त्यामुळे त्यांच्या लिखाणात पक्षी नुसता 'सुंदर पक्षी' नसतो, त्याला नाव असतं, सवयी असतात, त्याच्याबद्दल आदिवासी काय म्हणतात ते असतं. सुरुवातीला जरा संथ वाटेल. रविवारी सकाळी वाचा, लोकलमध्ये नको.

आणि व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांच्या टोळीची गोष्ट, एक हुप्प्या जातो, दुसरा येतो. इतिहासवाल्या माणसाला यात सगळं ओळखीचं वाटेल, गादी, फितुरी, पोरांचे बळी. शंभरेक पानांचा ऐवज आहे, साहित्य अकादमी मिळालेलं.

शब्दगंधा:
इतके प्रतिसाद झाले, एकाही बाईचं नाव नाही, धन्य आहे.

मावळे, तुमच्या यादीत एकही लेखिका नाही हे लक्षात आलंय का? उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचा. रत्नागिरीकडचं गाव, आई बांबूच्या टोपल्या विणते आणि त्या विणकामासारखंच पुस्तक विणलंय. कोणी 'दलित आत्मकथन म्हणजे नुसतं दुःख' म्हणालं तर त्यांच्या हातात हे द्या, काही ठिकाणी मी फिस्सकन हसलेय. आणि कविता महाजन यांचं 'ब्र', आदिवासी भागातल्या महिला सरपंचांवरची कादंबरी. हे राजकारण दिल्लीच्या तख्ताइतकंच रंगतदार आहे, तख्ताऐवजी ग्रामपंचायतीची प्लास्टिकची खुर्ची एवढाच फरक.

कोपरीची_काकू:
शब्दगंधा, बरोबर बोललीस गं, माझीपण चूक. मी तर गौरी देशपांडे वाचून वाढलेय, मीच विसरले. आणि प्रेमकथा कोणीच नाही सुचवली? आमच्या वेळी चंद्रकांत काकोडकर उशीखाली असायचे. त्यांच्या 'शामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. आज वाचलंत तर म्हणाल एवढ्यासाठी कोर्टात गेले?

कोपरखैरणे_गावठाण:
इथे जो तो आपापल्या वाटेने सांगतोय तर माझीपण एक वाट. तुम्हाला विश्वास पाटलांचं 'पानिपत' आवडलं ना, मग त्यांचंच 'झाडाझडती' वाचा. धरणात गेलेल्या गावाची कादंबरी. त्यात तलवार नाही, मोजणी आहे, नोटीस आहे, साहेबाच्या केबिनबाहेरचं बाकडं आहे. आमची भातशेती होती तिथे आता सोसायट्या आहेत, त्यामुळे मला ते पुस्तक दोन बैठकीत वाचवलं नाही, मध्ये आठवडाभर ठेवून दिलं होतं. हलकं नाही हे आधीच सांगतो, तुम्ही जड नको म्हणालात. पण कधीतरी.

चष्मिष_नौपाडा:
आता विकत घ्यायला पळू नका परत. तुम्ही रोज ठाण्याला उतरताच ना? पश्चिमेला मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासून. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. मेंबर व्हा. दोन फायदे, एक म्हणजे पुस्तक नाही आवडलं तर तसंच परत देता येतं, अपराधी वाटत नाही. माझा नियम असा की पन्नास पानं द्यायची, नाही जमलं तर रामराम. दुसरा फायदा म्हणजे परत करायची तारीख. घरच्या पुस्तकाला तारीख नसते म्हणून तर तुमचे साडेतीन किलो तसेच पडलेत. काउंटरवरच्या लोकांना विचारा की कुठल्या पुस्तकाचं बाइंडिंग सगळ्यात जास्त वेळा केलंय, तेच चांगलं पुस्तक.

रबाळे_नाका:
बाइंडिंगवाली आयडिया भारी आहे, आजपर्यंत सुचली नव्हती

पेणचा_पाहुणा:
प्रवासवर्णन राहिलं की. पुलंची 'अपूर्वाई' सगळे सांगतात, छानच आहे, पण मावळ्यांसाठी त्याहून चांगलं आहे, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. आमच्या पेणजवळच्या वरसईचे भटजी. घरात कर्ज, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेला निघाले, साल कुठलं तर १८५७! गेले पैसे कमवायला आणि सापडले बंडात. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे आत होते. गोळे पडतायत, लूट चाललीय, आणि हा माणूस नंतर शांतपणे लिहितो की जेवायला काय मिळालं. कमावलेलं सगळं लुटलं गेलं, शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. छापलं १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी, तोवर गोडसे हयात नव्हते. प्रवास आहे, इतिहास आहे आणि थ्रिलर तर आहेच.

नेरुळचा_मावळा:
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

मेंबर झालो. पहिलं 'यक्षांची देणगी' आणलं, गंगाधरपंत रबाळ्याला सुरू केले ते ठाण्याला प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून संपवले, ऑफिसला वीस मिनिटं उशीर. तिखट शेव, तुमचं पुठ्ठ्याचं म्हणणं पटलं, पण वाचताना नाही, नंतर. फेलुदाची दोन आणली ती बायकोने पळवली, आता ती पहिल्यांदा आणि मग मी, आणि ती खुनी कोण ते जेवताना सांगून टाकते. 'लुचाई' चालू आहे, फक्त दिवसा. 'सत्तांतर' वाचलं, खाडीकाठची ताई, त्या पोरांच्या प्रसंगानंतर पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. 'आयदान' रिझर्व्ह केलंय, कोणीतरी घेऊन गेलंय. चितमपल्ली मात्र बाविसाव्या पानावर अडकलेत, पन्नासचा नियम पाळतोय.

साडेतीन किलोतलं एक पुस्तक परवा सहज उघडलं आणि साठ पानं झाली. कुठलं ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल आम्ही आधीच सांगितलं होतं.

'माझा प्रवास'च्या बऱ्याच आवृत्त्या दिसतायत, कुठली घेऊ?

पेणचा_पाहुणा:
टिपा दिलेली घ्या, जुने शब्द अडतात. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, मग भाषा आपोआप सुटते. आणि वरसईला यायचं झालं तर कळवा, नेरुळहून काही लांब नाही, मी पेण स्टँडवर येतो.