गोव्यात बाहेरून आलेल्या मैत्रिणींनो, पहिलं वर्ष कसं गेलं?

सोलापूरची_फोंडेकरीण
शेजारी मे महिन्यात लातूरची नवी सून आली. काल माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेऊन येताना दिसली. फोनवर "हो गं आई, मस्त चाललंय" म्हणत होती आणि पदराने डोळे पुसत होती. माझं पहिलं वर्ष आठवलं. मी आले तेव्हा जून लागलेला. सोलापुरात पावसाची वाट बघायची सवय, इथे आठ-आठ दिवस ऊन नाही. कपाटातल्या शालूला बुरशी. दुपारी सगळा वाडा झोपलेला आणि मी टक्क जागी. सासरची माणसं चांगली, मग तक्रार कसली करणार? त्यात मैत्रिणींचं ठरलेलं, "तुझी काय बाई मजा, गोव्यात राहतेस!" त्यानंतर रडायचीही चोरी. मोकळेपणाने लिहा गं.

जुई_म्हापसा
अगदी हेच! डिसेंबरात माहेरचे सगळे येतात, कळंगूट-बागा होतं. ते गेले की घर खायला उठतं.

वऱ्हाडी_ठेचा
मी शाकाहारी. रोज बांगडा, वासानेच पोटात ढवळायचं. सासूबाईंनी न बोलता माझा तवा वेगळा काढून दिला, तरी पंगतीत मी एकटीच वेगळी. श्रावण लागला आणि सगळ्यांच्या पानात माझंच जेवण! तो महिना फार सुखाचा गेला. कुकर झाला, नंतर लिहिते.

डिचोलीची_लेक
माझं उलटं. पोर्तुगीज पासपोर्टवर नवऱ्याबरोबर इंग्लंडात स्विंडनला आले. डिसेंबरात चार वाजताच काळोख. गोदामातली शिफ्ट संपवून आईला फोन करावा तर तिकडे साडेपाच तास पुढे, ती झोपलेली. परवा घुमटाच्या (आपलं मातीचं वाद्य) आरतीचा व्हिडिओ आला, पुरता बघवला नाही.

जुई_म्हापसा
@डिचोलीची_लेक, ये गं इकडे. मिठी.

पर्वरीकर
बाळंतपणानंतर माझी झोप उडाली होती, बाळाला घ्यावंसंही वाटेना. नवरा बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, घेऊन गेला. लोक काय म्हणतील याची धास्ती होती. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता ऐकून घेतलं, औषध दिलं, हळूहळू सावरले. पंधरा दिवस कशातच मन लागत नसेल तर "होईल सवय" म्हणत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट मनात आलं तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांगा.

मडगाव_नोकरी
थोडं अवांतर. रजिस्ट्रारकडे लग्नाच्या दोन्ही सह्या (आधी इरादा नोंदवायची, मग लग्न पक्कं करायची) केल्यात ना सगळ्यांनी? इथल्या कायद्याने वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. हे कळल्यावर मला पहिल्यांदा पायाखाली जमीन असल्यासारखं वाटलं.

वऱ्हाडी_ठेचा
आले परत. पर्वरीकर ताई, बरं केलंत लिहून, माझ्या जावेला दाखवते. चवथीला खतखतं (मिश्र भाज्यांचं) मी करणार आहे, तिरफळं कधी घालायची?

जुई_म्हापसा
शेवटी. ठेचून, बिया काढून. एक उकळी आली की गॅस बंद.

सोलापूरची_फोंडेकरीण
उद्या त्या पोरीला चहाला बोलावलंय. लातूरच्या कुणी आहात का इथे?