चुनी गोस्वामी गेले ते मोहन बागानचे, की आपल्या सगळ्यांचे?

उजवा_विंगर (धागाकर्ता)

कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचे फुटबॉलपटू चुनी गोस्वामी ३० एप्रिल २०२० ला गेले. आदल्या दिवशी इरफान खान गेला होता आणि त्याच दिवशी ऋषी कपूर, त्यामुळे बातम्यांत चुनीदा मागे पडले. वर टाळेबंदी. ज्या माणसासाठी अर्धं कोलकाता रस्त्यावर उतरलं असतं, त्याला निरोप द्यायला चाहत्यांना घराबाहेरही पडता आलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्यांच्यावरच्या श्रद्धांजल्या वाचतो. जवळजवळ प्रत्येकीत एक वाक्य असतंच, 'आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळले.' त्यांचं सगळ्यात मोठं मोठेपण म्हणून हेच सांगितलं जातं आणि मला ते पटत नाही.

१९४६ साली आठ वर्षांचा मुलगा मोहन बागानच्या ज्युनियर संघात आला, १९५४ ला मोठ्या संघात गेला आणि १९६८ पर्यंत तिथेच राहिला. मान्य. पण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कर्णधार कोण होता? उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं, त्यात दोन गोल चुनीदांचे. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ ने विजय. त्यानंतर आशियाई स्पर्धेचं फुटबॉलचं सुवर्ण भारताला आजवर मिळालेलं नाही. निष्ठा क्लबच्या माळ्याकडेही असते, पण तो खेळ किती जणांकडे होता?

आणि पी. के. बॅनर्जींचं काय? तेही त्याच वर्षी २० मार्चला गेले. जकार्तात अंतिम सामन्यात एक गोल त्यांचा. खेळाडू म्हणून ते मोहन बागानकडेही गेले नाहीत आणि त्याच्या कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालकडेही. नोकरी रेल्वेत आणि संघही ईस्टर्न रेल्वेचा. १९५८ ला त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांबाहेरचा विजेता पुन्हा बघायला २०१९ उजाडावं लागलं! एवढा मोठा माणूस, पण त्याच्यासाठी 'आमचा' म्हणून रडणारी गॅलरी नव्हती. शोक खेळाचा करायचा की जर्सीचा, हा माझा प्रश्न आहे.

सॉल्टलेकची_सून

अजिबात सहमत नाही. लग्नानंतर इकडे कोलकात्यात आले, सासर पक्कं बागानवालं, म्हणून जरा जवळून पाहिलंय.

चुनीदांचा जन्म किशोरगंजचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. पूर्व बंगालकडच्या घरातला मुलगा ईस्ट बंगालचा असायचा, हा इथला अलिखित नियम. हा गडी तरी बागानचा राहिला. ईस्ट बंगालने मोटार देऊ केली होती, हा किस्सा इथे घरोघरी ऐकायला मिळतो. इंग्लंडच्या टॉटनहॅमकडून विचारणा झाली होती, तीही त्यांनी नाकारली असं सांगतात. माळ्याच्या निष्ठेशी याची तुलना करू नका. ज्याला दुसरीकडे जाता येत होतं तो राहिला, म्हणून लोकांना त्याचं कौतुक आहे.

दुसरं म्हणजे, चुनीदा गेले तेव्हा रडलेल्या माणसांपैकी किती जणांनी त्यांना खेळताना पाहिलं होतं? माझे दीर चाळिशीचे. चुनीदा निवृत्त झाल्यावर बारा-तेरा वर्षांनी ते जन्मले. चलत्चित्रं फारशी उपलब्ध नाहीत. जे गोल त्यांना माहीत आहेत ते सगळे वडिलांच्या तोंडचे. त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही बंद केला आणि वडिलांना समोर बसवून विचारलं, "बाबा, तो कसा वळायचा ते पुन्हा सांगा." सासरे उठले, दिवाणखान्यात खुर्ची सरकवली, तिला बचावपटू केलं आणि डाव्या बाजूला झुकून उजवीकडून निघून दाखवलं. वय एकोणऐंशी. मग बसले ते रात्री जेवले नाहीत. हे सगळं क्लबमुळे टिकलं. क्लब नसता तर १९६२ ही पाठ्यपुस्तकातली एक ओळ झाली असती.

मंगळवारपेठी

कोल्हापुरातून बोलतोय. धागाकर्त्याच्या बाजूनं.

आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, सगळी पेठांची आणि तालमींची ईर्षा. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानं लवकर बंद. पण दर हंगामाला नोंदणी होते आणि पोरं तालीम बदलत्यात. पोट हाय त्यांना.

काही वर्षांमागं आमच्या गल्लीतला एक जुना सेंटर फॉरवर्ड गेला. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडायचं नाही. उमेद आमच्या तालमीत घालवली, पण मधले दोन हंगाम समोरच्या तालमीकडून खेळला होता आणि फायनलला आमच्यावरच गोल मारला होता. तिरडी बांधून झाली, वर आमच्या तालमीची जर्सी घातली. तेवढ्यात समोरच्या तालमीची चार म्हातारी माणसं आली, हातात घडी केलेली त्यांची जर्सी. आमच्यातली तरणी पोरं आडवी झाली. "इथं आणू नका" म्हणाली. आवाज चढला. शेवटी त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "दोन्ही घाला. त्या दोन वर्षांच्या पैशावर हे घर बांधलंय."

दोन्ही घातल्या. म्हणून सांगतो, ज्याला एकाच क्लबात राहणं परवडलं नाही त्याचं दुःख कमी करायचं न्हाई.

सॉल्टलेकची_सून

मंगळवारपेठी दादा, तुमच्या वहिनींना नमस्कार. पण बघा, भांडण झालं ते दोन्ही तालमींना तो आपला वाटत होता म्हणूनच ना? ती चार माणसं जर्सी घेऊन आली ती तालमीच्या मायेपोटीच.

मांडवी_पार

गोव्याचं एक उदाहरण देतो, म्हणजे वर्षं मोजण्याचा मुद्दा निकालात निघेल.

क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा. ईस्ट बंगालकडून गोव्याच्या धेंपो क्लबकडे आला आणि त्याच हंगामात, ५ डिसेंबर २००४ ला, बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गेला. समोर मोहन बागान. धेंपोने २-० ने जिंकलं, दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल मारतानाच गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो उठलाच नाही. मैदानावर वैद्यकीय सोय पुरेशी नव्हती, यावर तेव्हा केवढं रान उठलं होतं. धेंपोने त्याची १० नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. धेंपोत त्याला काही महिनेच झाले होते, तरी गोव्यातली माझ्या वयाची माणसं त्याचं नाव निघालं की आजही गप्प होतात. कुठली एकनिष्ठा होती तिथे?

पुणेरी_लिबेरो

मांडवी पार, तो धक्का होता. पंचविशीतला पोरगा डोळ्यांदेखत गेला. ब्याऐंशी वर्षांचं भरलेलं आयुष्य संपतं तेव्हाचा शोक वेगळा. दोन्ही एका तराजूत घालू नका.

मला दोन्ही बाजूंना एक अवघड गोष्ट विचारायची आहे. चुनीदांनी वयाच्या सत्ताविशीतच आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. १९६४ च्या आशिया चषकात आपण उपविजेते, म्हणजे संघ वर होता. मग ते क्रिकेटकडे वळले. बंगालचे कर्णधार म्हणून १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध उतरले आणि हरले. दोन खेळांत एवढी मजल मारणारा माणूस विरळा, याबद्दल वाद नाही. पण भारतीय फुटबॉलने त्यांची ऐन भरातली वर्षं गमावली. श्रद्धांजलीत हे कुणीच लिहीत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याबद्दल पूर्ण बोलावं.

उजवा_विंगर (धागाकर्ता)

लिबेरो, हा मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्याच बाजूने जातो. क्लबकडून ते १९६८ पर्यंत खेळले, देशासाठी मात्र आधीच थांबले. क्लबनिष्ठेचा गौरव करताना ही किंमत झाकली जाते.

सॉल्टलेकची_सून

किंमत कुणी झाकत नाही. तेव्हा पैसा नव्हता, पुढच्या आयुष्याची हमी नव्हती, सत्ताविशीतल्या माणसाने काय करावं हे आपण आज ठरवायचं? आणि ब्रेबॉर्नचा विषय निघालाच आहे तर ऐका. मोहन बागानने क्लबच्या दाराला चुनीदांचं नाव दिलं, २०२३ च्या पोयला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला. उद्घाटनाला कोण होतं? सुनील गावसकर. मुंबईचा माणूस, क्रिकेटचा माणूस. क्लबने आपलं दुःख कुंपणात कोंडून ठेवलं नाही.

मांडवी_पार

ताई, मग एकच सांगा. जकार्ताच्या त्याच संघात आमचे फोर्तुनातो फ्रँको होते, मधल्या फळीत. कोलवाळचा मुलगा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळला, महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफी खेळला. १० मे २०२१ ला गेले. सुवर्ण तेच. मुंबईत कुठल्या मैदानाच्या दाराला त्यांचं नाव आहे? कंपनीच्या संघाला गॅलरी नसते, म्हणून त्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नाही. तुमची क्लबची माया खरी आहे, पण ती ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांच्यासाठी कोण रडणार?

सॉल्टलेकची_सून

हे मात्र खरं आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ते काम मोहन बागानचं नव्हे. मुंबईच्या आणि गोव्याच्या फुटबॉलवाल्यांनी मागणी करावी, मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या एका स्टँडला फ्रँकोंचं नाव द्या म्हणून. पत्राचा मसुदा तुम्ही करा, पहिल्या पाचांत माझी सही धरा.

मंगळवारपेठी

कोल्हापुरातनं शंभर सह्या आणतो. दोन्ही पेठांच्या.