बायबलच्या लेवीय पुस्तकापाशी वाचन थांबलंय. रोज बायबल वाचायलाच हवं का?

रात्रपाळीवाला, खराडी
सलाम सगळ्यांना. 1 जानेवारीला ठरवलं होतं, वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं. 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच. पहिलं पुस्तक, उत्पत्ती, झपाट्यानं झालं. दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, निवासमंडपाची म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं आली तिथे रेंगाळलो, आणि तिसऱ्या पुस्तकात, लेवीयाच्या 13 व्या अध्यायात, चट्टे अन् महारोग सुरू झाला तिथे थांबलो तो थांबलोच. सकाळी सातला घरी येतो, डोळे मिटत असतात. रविवारी उपासनेत शास्त्रपाठ ऐकतो, तेवढं पुरत नाही का? मनापासून विचारतोय.

हडपसरकर
मी बसमध्ये कानाला लावून ऐकते. स्वारगेट येईपर्यंत दोन अध्याय होतात. करून बघा.

गुरुवार पेठेतली काकू
बाळा, मी 31 वर्षं नर्स होते, रात्रपाळीनंतरचे डोळे मला माहीत आहेत. पण तू थांबलास तोच अध्याय माझा लाडका आहे. याजक, म्हणजे तेव्हाचा पुरोहित, चट्टा बघतो, केस पांढरे झालेत का बघतो, शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा तपासतो. वॉर्डात आम्ही वेगळं काय करायचो? आणि शेवटी ज्याला महारोग ठरला त्यानं ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत छावणीबाहेर एकट्यानं राहायचं. ते वाचताना माझा घसा दाटतो.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघड, 40 व्या वचनापासून. महारोगी येशूच्या पाया पडतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. मग सांगतो, जा, याजकाला दाखव. हा याजक कुठला, ते लेवीय वाचल्याशिवाय कळत नाही. रविवारी आपल्याला एक तुकडा मिळतो. रोज वाचणाऱ्याला एक तुकडा दुसऱ्याला हाक मारताना ऐकू येतो. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हेसुद्धा लेवीयातलंच, अध्याय 19, वचन 18. तू होतास तिथून सहाच अध्याय पुढे.

माझी आई शाळेत गेली नव्हती. पंचहौद चर्चची घंटा झाली की चूल सारवायची आणि ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, पाच वचनं वाचायची. स्तोत्र 23 चं पान तिच्या बोटानं पिवळं पडलंय, आजही माझ्याकडे आहे. इथून जवळच केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षं मराठी भाषांतराला बसल्या. 1922 मध्ये त्या गेल्या, छापील बायबल 1924 मध्ये आलं. साध्या बाईला स्वतः वाचून कळावं म्हणून हा खटाटोप. नुसतं ऐकणं पुरलं असतं तर त्या कशाला एवढ्या झिजल्या असत्या?

तीन अध्यायांचा हट्ट सोड. मार्कचे सोळाच अध्याय आहेत, रोज एक घे. झोपायच्या आधी नको, उठल्यावर, चहाच्या कपाबरोबर.

येरवड्याचा भाऊ
काकूंचं पटतं. फक्त एक, माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण तिची प्रार्थना आमच्या सगळ्यांपेक्षा खोल होती. न वाचणाऱ्याला कमी लेखू नये.

गुरुवार पेठेतली काकू
अगदी खरं, भाऊ. तुमच्या आजीला कोणीतरी रोज वाचून दाखवत असणार. आपल्याला अक्षर येतं, तर आपण कोणाला तरी वाचून दाखवावं.

रात्रपाळीवाला, खराडी
काकू, दुपारी उठून मार्क 1 वाचला, मग मागे जाऊन लेवीय 13 पूर्ण केला. छावणीबाहेर एकटं राहायच्या त्या 46 व्या वचनाशी बराच वेळ बसलो. आई स्वयंपाकघरातून विचारत होती काय वाचतोयस, तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.