जर्मनीत पीएच.डी. करताना दिवसाची आखणी कशी करावी?

घाटमाथा

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा असून गेल्या सप्टेंबरपासून जर्मनीतील गॉटिंगेन येथे वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. माझा करार ६५ टक्क्यांचा आहे, म्हणजे पूर्णवेळ पगाराच्या ६५ टक्के रक्कम मिळते आणि कागदावर आठवड्याचे सव्वीसच्या आसपास तास भरतात. प्रत्यक्षात मी सकाळी नऊला प्रयोगशाळेत जातो आणि रात्री नऊच्या आत क्वचितच बाहेर पडतो. माझे सहकारी मात्र साडेपाच वाजले की ‘फायरआबेंड’, म्हणजे आजचे काम संपले, असे म्हणून संगणक बंद करतात, सायकलला दिवा लावतात आणि निघून जातात. त्यांचे काम माझ्यापेक्षा मागे आहे असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही.

पुण्यात एम.एस्सी. करताना सर घरी जाईपर्यंत आम्ही जागचे हलत नसू. ती सवय सुटलेली नाही. मागच्या महिन्यात रात्री आठ वाजता माझ्या खोलीत दिवा पाहून मार्गदर्शक बाई दारात थांबल्या आणि त्यांनी विचारले, “घरी काही अडचण आहे का?” ही चौकशी होती, कौतुक होते की नापसंती, हे मला अजून उमगलेले नाही.

दुसरी अडचण रविवारची. पहिल्याच रविवारी घरात अर्धे पाकीट पोहे सोडून काही नव्हते आणि सगळी दुकाने बंद आहेत, हे दुकानाच्या दारात उभे राहिल्यावर कळले. आता शनिवारी सामान भरून ठेवतो, पण तो दिवस कसा घालवावा हे कळत नाही, म्हणून शेवटी प्रयोगशाळेतच जाऊन बसतो. आपण जर्मनीत राहिला असाल तर किती तास काम करीत होता, जेवणाचे आणि सुटीचे काय करीत होता, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरायण

मी भौतिकशास्त्रात चौथ्या वर्षाला आहे. शहर वेगळे, करार तुमच्यासारखाच. आधी ६५ टक्क्यांचा हिशोब समजून घ्या. पगार त्या तासांचा मिळतो आणि उरलेला वेळ आपल्या प्रबंधाला द्यावा असे गृहीत धरलेले असते. ही पद्धत मला न्याय्य वाटत नाही, पण ती आपल्याला बदलता येणारी नाही. मात्र ‘उरलेला वेळ’ म्हणजे रात्री नऊपर्यंतचा वेळ, असे कोणीही कुठेही लिहिलेले नाही. आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते, ती तुम्ही किती घेतली आहे? पहिल्या वर्षी मी चार दिवस घेतली आणि आपण फार कष्टाळू आहोत असे मानून बसलो.

दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या सांगण्यावरून मी दोन आठवडे दर अर्ध्या तासाला वहीत एक ओळ लिहीत गेलो. आमच्याकडे उपकरणातली हवा काढून निर्वात तयार व्हायला कित्येक तास लागतात आणि मी त्या पंपाचा आवाज ऐकत त्याच्या शेजारी बसून राहत असे. अकरा तासांच्या दिवसात खरे काम सरासरी साडेपाच तासांचेच होते. बाकीच्या ओळी ‘पंप चालू’, ‘ई-मेल’, ‘पुन्हा पंप’ अशा होत्या. पंप माझ्या बसण्याने वेगात चालत नव्हता. तुम्ही वनस्पतीचे नाव लिहिलेले नाही, पण अरेबिडॉप्सिस असेल तर बीपासून बीपर्यंत तिला सहा ते आठ आठवडे लागणारच, तुम्ही कुंडीपाशी उभे असा वा नसा.

याहून महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. मी डबा नेत असे आणि मेजावरच जेवत असे, कारण मेन्सातल्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतल्या, उकडलेल्या बटाट्यांचा कंटाळा आला होता आणि पैसेही वाचत होते. आमचा गट पावणेबाराला एकत्र जेवायला जातो. कोणाचे मोजमाप फसले, कोणत्या परिषदेला कोण जाणार, प्राध्यापकांच्या डोक्यात नवे काय शिजते आहे, हे सगळे त्या पाऊण तासात ठरते. मी सहा महिने झगडलेली एक अडचण तिथे एका पोस्टडॉकने सूप पिता पिता सोडवली. रात्री इमारतीत तुम्ही एकटे असता, तेव्हा विचारायला कोणीच नसते. शिवाय घातक रसायनांचे काम एकट्याने करू नये, असा दंडक बहुतेक प्रयोगशाळांत असतो. तुमच्या सुरक्षेच्या कागदांत तो असणारच, एकदा पाहून घ्या. आता मी आठ ते पाच बसतो आणि डबा फक्त शुक्रवारी नेतो.

मोडीवाचक

उत्तरायण यांचे म्हणणे प्रयोगशाळेपुरते खरे आहे. मी हायडेलबर्गला मराठ्यांच्या इतिहासावर काम करते आणि शिष्यवृत्तीवर आहे. माझा करार नाही, त्यामुळे पगारी रजाही नाही, आणि आरोग्य विम्याचे पाहणे माझ्याकडेच आहे. माझे सगळे काम मोडी कागदांच्या छायाप्रती आणि एक दिवा एवढ्यावर चालते, म्हणून साडेपाचला निघून जाणारे सहकारी मला नाहीत आणि पावणेबाराचा गटही नाही. पहिल्या हिवाळ्यात मी सलग तीन दिवस कोणाशीही न बोलता काढले, आणि चौथ्या दिवशी दुकानातल्या बाईंनी पिशवी हवी का विचारले तेव्हा माझा आवाज चमत्कारिक निघाला. ज्यांना गट आयता मिळत नाही त्यांना तो जमवावा लागतो. आमच्या वेगेमध्ये, म्हणजे भागीदारीच्या घरात, मी दर बुधवारी चौघांसाठी स्वयंपाक करू लागले आणि तो वार आजतागायत चुकलेला नाही.

तुमचा रविवार स्वयंपाकघरात घालवा, असे माझे स्पष्ट मत आहे. इथल्या पिठाच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम. ४०५ हा आपला मैदाच समजा, त्याच्या पोळ्या गार झाल्या की चामड्यासारख्या होतात. नुसते फोलकॉर्न, म्हणजे अख्ख्या धान्याचे पीठ, घेतले तर कोंडा टोचतो आणि पोळी कडेला फाटते. मी १०५० आणि बारीक दळलेले फोलकॉर्न निम्मे निम्मे घेते, पाणी कोमट वापरते आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवते. मसूर डाळ कोणत्याही दुकानात ‘लाल डाळ’ म्हणून मिळते, तुरीसाठी मात्र आशियाई दुकान गाठावे लागते. क्वार्क, म्हणजे इथले दह्यासारखे मऊ ताजे चीज, रात्रभर फडक्यात टांगला की चक्का तयार होतो, पण कमी चरबीचा घेऊ नका, श्रीखंड आंबट होते. फोडणी करण्यापूर्वी खिडकी सताड उघडा आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्या. धुराची घंटा मार्गिकेत असते आणि तिला मोहरी व आग यांतला फरक कळत नाही.

मार्गदर्शकांविषयी एकच सांगते. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक असे होते की कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तेच लिहिले. सर जाईपर्यंत बसून राहण्याची शिस्त आपल्याला लहानपणापासून येते, सरांशी मतभेद नोंदवण्याची येत नाही. तुमच्या बाईंच्या त्या प्रश्नाचा अर्थ इथे विचारण्यापेक्षा त्यांनाच का विचारत नाही?

निवृत्त रसायनी

घाटमाथा, तुमच्या गॉटिंगेनमध्ये मी १९८७ ते १९९१ राहिलो. त्या वेळी दुकाने शनिवारीही दुपारी दोनला बंद होत, त्यामुळे प्रयोग लांबला की दोन दिवस पाव आणि अंडी यांवर काढावे लागत. घरी एरोग्राम लिहीत असू. फोन महिन्यातून एकदा, तोही नाण्यांची चळत हातात धरून, आणि आई पहिली दोन मिनिटे “आवाज येतोय का?” एवढेच विचारी. तुम्हाला रोज चेहरा दिसतो, हे भाग्यच आहे, पण हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर पडते हे लक्षात ठेवा. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे साताऱ्यात दीड. घरचा फोन रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत तिथे साडेआठच्या सुमारास उजाडते आणि सव्वाचारला दिवेलागण होते. नऊला आत जाऊन नऊला बाहेर पडणारा माणूस ऊन पाहतच नाही, आणि तुमची मरगळ, माझ्या अनुभवाप्रमाणे, निम्मी तेवढ्यानेच असेल. जुन्या शहराभोवती तटाच्या मातीवर झाडांतून जाणारी वाट आहे. तिची पूर्ण फेरी तासाभरात होते. मी ती रोज दुपारी जेवणानंतर अर्धी आणि रविवारी पूर्ण करीत असे. माझ्या प्रबंधातील एकमेव बरी कल्पना मला त्या वाटेवर सुचली, हे मी परीक्षकांना सांगितले नाही.

परकेपणा वाटत असेल तर एवढे माहीत असू द्या, की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्ट्स कीलहॉर्न पुढे गॉटिंगेनलाच प्राध्यापक झाले आणि १८८५ मध्ये याच विद्यापीठाने रा. गो. भांडारकरांना डॉक्टरेट दिली. चौकातल्या गेन्झेलीझलच्या, म्हणजे हंसवाल्या मुलीच्या, पुतळ्याचे चुंबन घेण्याचा नव्या डॉक्टरांचा रिवाज भांडारकरांच्या वाट्याला आला नाही, कारण तो पुतळा १९०१ चा. मी मात्र फुले घेऊन चढलो होतो. कारंज्याचा कठडा निसरडा आहे, बूट चांगले घाला.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. रोप अरेबिडॉप्सिसच आहे. आठवडाभर वही ठेवली. माझा आकडा सहा तासांचा आला, आणि रात्री सात ते नऊ या वेळेत पाचपैकी चार दिवस फक्त ‘लेख वाचायला उघडला’ असे लिहिलेले सापडले. सोमवारपासून मेन्साला जात आहे. पहिल्या दिवशी मला फक्त बटाट्यांविषयी बोलता आले, पण गुरुवारी शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याने सांगितले की माझी रोपे पिवळी पडतात ती प्रकाशामुळे नव्हे, तर रोपे वाढवण्याच्या कपाटातल्या पंख्याची हवा थेट त्यांच्यावर येते म्हणून. ट्रे खालच्या फळीवर हलवला आहे. १०५० चे पीठ आणले आहे. पोळ्या गोल नाहीत, पण मऊ राहतात.

मार्गदर्शक बाईंनाही धीर करून विचारले. त्यांना आधी तो प्रसंगच आठवेना. मग म्हणाल्या, त्या आठवड्यात बाहेर उणे सहा होते आणि मी रात्रीपर्यंत इमारतीत थांबतो म्हणजे माझ्या घराचे हीटिंग बिघडले असावे, असे त्यांना वाटले होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा फोन नंबरही त्यांनी काढून ठेवला होता.